चिंगीचा पहिला दात: वरचा की खालचा?

जंगलाच्या गेटवर नोकरी केली की किस्से आपोआप जमतात. सकाळी पाहुण्यांच्या गाड्या आत गेल्या की त्या परत येईपर्यंत करायला काही नसतं. मग गप्पा. पाहुण्यांना वाटतं, ही मंडळी वाघाबद्दल बोलत असतील. छे! वाघाबद्दल आम्ही पाहुण्यांसमोर बोलतो. आपसात बोलायला आमच्याकडे चिंगी होती.

नागझिऱ्याचं चोरखमारा गेट, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी तिकीट खिडकीवर बसायचो. समोर सुनीताची चहा-भज्यांची टपरी. तिची पोरगी चिंगी नुकती बसायला लागली होती आणि तिच्या हिरड्या शिवशिवत होत्या. लाळ इतकी गळायची की लाळेरं पिळून वाळत घालावं लागे. आणि रडणं! गेटवर 'शांतता राखा' अशी भली मोठी पाटी होती. सावली तिथेच असल्यामुळे सुनीता चिंगीला त्या पाटीखालीच बसवायची.

हातात येईल ते तोंडात. एका साहेबांनी बाकावर ठेवलेली नवीकोरी टोपी तिनं कडेनं सगळी चघळून काढली. साहेबांनी ती डोक्यावर घातली आणि दचकून विचारलं, "ही ओली कशी?"

"दव पडते न साहेब इकडे," सुनीता म्हणाली.

दुपार होती. मे महिना होता!

* * *

मडावी काका आमच्या गाइडांत सगळ्यात जुने. मातीतला ठसा पाहून तो रात्रीचा की पहाटेचा, ते सांगायचे आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी जायचं नाही. चिंगीवर पहिला इलाज त्यांचाच. माठाजवळ गार झालेली अख्खी काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी तिच्या हातात दिली. पोरगी एकदम गप्प!

तेवढ्यात एक कुटुंब जंगलातून परत आलं. वाघ दिसला नव्हता. त्यांच्या मुलानं असं भोकाड पसरलं की चिंगीसुद्धा काकडी सोडून त्याच्याकडे बघायला लागली. काका त्याचा हात धरून रस्त्याच्या कडेला गेले आणि धुळीतला एक ठसा दाखवला.

"हे पाह्य बाबू. वाघ आत्ताच गेला. अजून ताजा आहे."

पोराचं रडणं बंद, बापाचा कॅमेरा सुरू. सगळे खुशीत गेले. तो ठसा मी आदल्या दिवसापासून पाहत होतो. गाडी वळल्यावर मी काकांना विचारलं, "काका, ताजा?"

"रडून राहिलं होतं न गा लेकरू," काका म्हणाले.

* * *

आता देवराम. सुनीताचा एकुलता एक भाऊ, म्हणजे चिंगीचा मामा, आणि आमच्यातला सगळ्यात धीट गाइड. एकदा जीपसमोर अस्वल आडवं आलं, तर हा शांतपणे त्याला म्हणाला, "जाय न बाप्पा, पाहुणे खोळंबले!" आणि अस्वल गेलं.

अशा या देवरामला सुनीताच्या सासूनं सहज सांगितलं की लेकराला वरचा दात आधी आला तर मामाला वाईट असतं. झालं! गडी पार ढेपाळला.

"बुढीचं काय ऐकून राहिला गा?" मी म्हटलं. "काही होत नाही."

"तुले भाची नाही, तुले कायले काही होते!"

आम्ही खूप हसलो. सुनीता मात्र हसली नाही. तिचे आईबाप गेलेले. माहेर म्हणून तिला हा एक देवराम. चहा गाळता गाळता ती हळूच म्हणाली, "खालचा आला पायजे बाप्पा आधी." मग आमचंही हसू जागच्या जागी राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून देवराम ड्यूटीच्या आधी टॉर्च घेऊन हजर. "तोंड उघड न माय." एकदोनदा तिनं उघडलं. मग पोरगी शहाणी झाली. टॉर्च दिसला की ओठ घट्ट! पुढे पुढे तर टॉर्चही लागेना. मोठं माणूस जवळ वाकलं की तोंड बंद. आई असो, मामा असो, नाहीतर मी.

"अस्वल बरं," देवराम म्हणाला. "सांगतलेलं ऐकते तरी."

* * *

भाचीला खूश करावं म्हणून देवरामनं मग गळ्यातली ड्यूटीची शिटी काढली, गरम पाण्यानं धुतली, थंड केली आणि तिला चावायला दिली. स्टीलची शिटी, गार गार. चिंगीच्या हिरड्यांना इतकं बरं वाटलं की ती ओठ आवळून चघळतच बसली. मग तिला रडू आलं. शिटी तोंडातच होती.

उन्हाळ्यात आमच्याकडे शिटीचा अर्थ एकच, जंगलाला आग! चारी बाजूंनी वनमजूर आग झोडपायला हिरव्या फांद्या घेऊन धावत सुटले. सगळ्यात पुढे नुकतेच बदलून आलेले साहेब. धापा टाकत टपरीपाशी पोचले आणि ओरडले, "कुठे लागली आग?"

सुनीतानं चिंगीकडे बोट दाखवलं. "हिच्या हिरड्यायले, साहेब."

चिंगीनं शिटी पुन्हा वाजवली.

* * *

पप्पू आमचा जीपवाला, गोंदिया शहरातला. त्याला शोध लागला की गाडी हलत असली की चिंगी रडत नाही. "गाडी हिलती है तो मसूड़े भूल जाती है!" मग काय, सुनीता चिंगीला घेऊन जीपमध्ये पुढे बसायची आणि पप्पू गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत सावकाश गोल गोल चकरा मारायचा.

एका दुपारी चार पाहुणे आले, चालती जीप पाहिली आणि पटापट मागे चढले. चिंगीचा नुकता डोळा लागलेला, म्हणून सुनीतानं मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. पाहुण्यांना वाटलं, वाघ जवळ आहे! कोणी श्वास मोठा घेईना. तीच झाडं, तीच टपरी, तीच पाटी पुन्हा पुन्हा येत होती. एकदा झुडपामागे काहीतरी काळं हललं, त्याचे तर सगळ्यांनी फोटो काढले. मडावी काका अंघोळ करत होते.

चिंगी जागी झाली तेव्हा पप्पूनं गाडी थांबवली. त्यातल्या बाई उतरताना भारावून म्हणाल्या, "छोटं आहे तुमचं जंगल, पण किती शांत!"

"मॅडम," पप्पू म्हणाला, "अब टिकट ले लो, फिर अंदर चलते हैं."

* * *

आणि मग ती सकाळ. सुनीता चिंगीला स्टीलच्या चमच्यानं पेज भरवत होती आणि आवाज आला, टक्!

चमचा सुनीताच्या हातातून पडला. दात! पण वरचा की खालचा? पाहायला आम्ही सगळे एकदम वाकलो आणि चिंगीनं तोंड मिटून घेतलं.

देवराम तिथेच होता. त्याच्या समोर भज्यांची प्लेट होती, ती त्यानं बाजूला सारली. चहा घेतला नाही. "मी आज आत जात नाही," एवढंच म्हणाला. सुनीता चुलीकडे पाठ करून उभी, तेल जळायला लागलं तरी तिला पत्ता नाही.

पप्पूनं गाजर आणलं. चिंगीनं ते कचकन चावलं आणि धुळीत टाकलं. आम्ही धावत जाऊन उचललं. एका बाजूला चांगला खड्डा पडला होता.

"ही बाजू वर होती," मी म्हटलं.

"नहीं यार, ये नीचे थी!"

गाजर उलटंपालटं करून आम्ही इतके भांडलो की चिंगी रडायला लागली, पण ओठ घट्ट आवळून, दात न दाखवता!

शेवटी देवराम उठला. तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि आपलं बोट पुढे केलं. "घे माय. काय असन ते एकदाचं होऊन जाऊ दे." चिंगीनं त्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. टॉर्च नव्हता. ती हसली, बोट तोंडात घेतलं आणि जी चावली! देवराम असा ओरडला की झाडावरची वांदरं पळाली.

देवरामनं बोट काढलं आणि डोळे गच्च मिटले. "काका, मी नाही पाहत. तुम्हीच सांगा."

आम्ही पाहिलं. बोटाच्या खालच्या बाजूला एक खूण. वरच्या बाजूला, नखाच्या मागे, दुसरी. दोन्ही दात आलेले! सुनीतानं तोंडाला पदर लावला. पप्पूच्या तोंडून हळूच निघालं, "तो फिर पहले कौन सा आया?"

मडावी काका उकिडवे बसले. देवरामचं बोट त्यांनी उजेडाकडे धरलं, जंगलात ठशावर मारतात तशी हळूच फुंकर मारली, एकदा वरून पाहिलं, एकदा खालून पाहिलं. मग सुनीताकडे पाहिलं.

"खालचा जुना आहे," काका म्हणाले. "चांगला चारेक दिवसांचा. वरचा आत्ताचा. अजून ताजा आहे."

देवरामनं एक डोळा उघडला. मग दुसरा. बराच वेळ तो आपल्या बोटाकडे पाहत राहिला.

"सुनीता," तो म्हणाला, "भजे आहेत का वं?"