न सांगितलेली गाडी

मंगळवारी दुपारी माझे यजमान ड्यूटीवरून घरी आले. त्यांनी पाणी मागितलं आणि ते खुर्चीत बसले. मी पाणी घेऊन आले तोवर ते गेले होते. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं त्यांच्याबद्दल बोलताना एकच गोष्ट सांगतात, की साहेब फार कमी बोलायचे. ते खरं आहे. रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून त्यांची सगळी उमर गेली आणि कामापुरतं बोलणं हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पण त्यांच्या न बोलण्याचा मला एकदा फार राग आला होता, आणि सध्या पुस्तक उघडून बसले की मला तेच दिवस आठवतात. ते दिवस चांगले होते, म्हणून लिहिते आहे.

आमचं लग्न झालं त्या वर्षी ते सिंदीला होते. मी नागपूरची. बी.ए. होऊन वर्षही झालं नव्हतं. स्टेशनला लागून आमचं लाल विटांचं क्वार्टर होतं, मागे विहीर आणि कडुनिंब. कापसाचा हंगाम असल्यामुळे बैलबंड्यांची रांग जिनिंग कारखान्यापर्यंत लागलेली असायची आणि हवेत उडणारी रुई दोरीवरच्या ओल्या कपड्यांना येऊन चिकटायची. मला करमत नसे हे त्यांनी ओळखलं असावं. पॅसेंजरच्या गार्डला सांगून ते वर्ध्याच्या ग्रंथालयातून माझ्यासाठी पुस्तकं मागवत. गार्ड पुस्तकं हिरव्या झेंडीत गुंडाळून आणून द्यायचा. त्याबद्दल हे मला कधी काही बोलले नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवलेलं असे, एवढंच.

विहिरीवर बायका जमत. त्यात दोघींचा आवाज मोठा. एक पाटलीणकाकू. स्टेशनाच्या पलीकडे त्यांची शेती आणि मोठं अंगण. दुसरी आमच्या पॉइंटमनची, म्हणजे सांधेवाल्याची बायको, जिला सगळे मावशी म्हणत. मावशी बौद्ध वस्तीतल्या. त्या विहिरीवर पाटलीणकाकूंशी मनसोक्त भांडत, पण आपला दोर आणि बादली वेगळी ठेवत. मी पुस्तक घेऊन कडुनिंबाखाली बसलेली असायची, म्हणून मला कोणी हाक मारत नसे. त्या सगळ्या मला शिष्ट समजत होत्या. मीही लाजाळू होते, त्यामुळे तो समज काही दूर झाला नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. पाटलांच्या ओसरीवर रेडिओ होता, बातम्यांच्या वेळी अर्धं गाव तिथे उभं राही. आमच्या लाइनीवरून मिलिटरी स्पेशल जाऊ लागल्या. त्या थांबत नसत. दारात उभे असलेले जवान हात हलवत, फलाटावरची माणसं हात हलवत, आणि गाडी नागपूरच्या दिशेने निघून जाई. मोठ्या स्टेशनांवर बायका जवानांना ओवाळतात, पुरीभाजी खाऊ घालतात, असं कोणीतरी येऊन सांगितलं. तेव्हापासून आमच्या विहिरीवर दुसरा विषय उरला नाही.

आणि मग मला हाका येऊ लागल्या.

"मास्तरीणबाई," पाटलीणकाकू म्हणाल्या, "थांबणारी गाडी कवा येईन, तेवढं इचारून ठेवा मास्तरले. बाकी सारं आम्ही पाह्यतो."

इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी आनंदाने घरी गेले आणि जेवताना यांना विचारलं. ते भात कालवत होते. म्हणाले, "ते सांगणं माझ्या हातात नाही."

"पण तुम्हाला कळतं ना?"

"थोडं वरण वाढ."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी खरं ते सांगितलं. मावशी कपडे आपटायच्या थांबल्या. "बायकोले नाई सांगत?"

"नाही सांगत."

"काऊन? तुमी काय पाकिस्तानच्या हाव?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन दार लावल्यावर मला रडू आलं. लढाईच्या काळात गाड्यांच्या वेळा बोलायच्या नसतात, हे मला समजत होतं. तरी ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा त्याचा आपल्यावर एवढाही विश्वास नाही, असं वाटलं. आणि विहिरीवर मला मिळालेली जागा त्यांनी घालवली, हेही होतंच.

बायकांनी मग माझा नाद सोडला आणि त्या स्वतःच अंदाज बांधू लागल्या. मास्तरांनी दाढी कधी केली, काळा कोट कधी घातला, कंदिलाच्या काचा कोण पुसतं आहे, यावर नजर ठेवली जाई. एका सकाळी यांनी कोटाला इस्त्री केली. पॉइंटमनने फलाटावर पाणी मारलं, कुंड्यांना गेरू लावला. मावशींनी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मलाच माहीत नाही, मास्तरांनी सांगितलं म्हणून करून राह्यलो. एवढं पुरेसं होतं.

पाटलीणकाकूंच्या अंगणात चुली पेटल्या. पुऱ्या लाटायला बायका बसल्या, मलाही त्यांनी पोळपाट दिला. मावशी आल्या तेव्हा कोणी त्यांना जा म्हणालं नाही. त्यांच्यापुढे शेवंतीची टोपली सरकवली आणि हार ओवायला सांगितलं. त्या अंगणाच्या कडेला बसून हार ओवत राहिल्या. तोंड मात्र चालू होतं. पुऱ्या फुगत नाहीत यावरून त्या पाटलीणकाकूंना तिथूनच टोमणे मारत होत्या. "तुमच्या पुऱ्या पाहून दुश्मन खूश होईन हो काकू."

गाडी आली. एक इंजिन आणि मागे एकच डबा. त्यातून जाडसर, चष्मा लावलेले एक साहेब उतरले. ते स्टेशनच्या तपासणीसाठी आले होते. हे त्यांच्याकडे जाईपर्यंत पाटलीणकाकूंनी साहेबांच्या कपाळाला कुंकू लावलं होतं आणि हार गळ्यात पडला होता. साहेब हात जोडून उभे राहिले. ओवाळून झाल्यावर त्यांनी यांना हिंदीत विचारलं की आज कोणता सण आहे.

यांनी कोट सारखा केला. मग म्हणाले, "साहब, इस गाँव का रिवाज है।"

साहेबांना पुऱ्या आवडल्या. त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली आणि कुंड्यांकडे न बघताच गेले. त्यानंतर बरेच दिवस विहिरीवर कोणी कोणाला चिडवायचं झालं तर, "तुले ओवाळू काय, साहेब?" असं म्हणे. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. पण मी बोलत नव्हते, म्हणून तेही काही बोलले नाहीत.

मग ती दुपार आली. त्या दिवशी यांनी दाढीसुद्धा केली नव्हती. मी विहिरीवर होते. एक लांब गाडी हळू होत होत बाजूच्या लूप लाइनीला येऊन उभी राहिली. पुढची लाइन मोकळी नसावी. डब्यांच्या दारांत हिरवे कपडे दिसले. आम्ही सगळ्याजणी तशाच उभ्या राहिलो. तयार काही नव्हतं. पुऱ्या नाहीत, फुलं नाहीत, अंगावर घरातलीच लुगडी.

मावशींनी बादली खाली ठेवली. "पाहून काय राह्यल्या? ज्याच्या घरी जे असन ते आणा."

आम्ही पळालो. माझ्या घरात यांच्यासाठी झाकून ठेवलेलं जेवण होतं, ज्वारीच्या भाकरी, बेसन म्हणजे पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी सगळं उचललं. बायका घराघरांतून येत होत्या. कोणाकडे उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कोणाकडे गूळ, कोणाकडे संत्री. पाटलीणकाकूंचा गडी कापसाची मोठी टोपली रिकामी करून घेऊन आला आणि सगळ्यांच्या भाकरी तिच्यात पडल्या. माझ्या भाकरी, मावशींच्या, पाटलीणकाकूंच्या. टोपलीच्या एका बाजूची कडी काकूंनी धरली, दुसऱ्या बाजूची मावशींनी, आणि त्या दोघी रुळांवरून खडी तुडवत निघाल्या. मी मागून पाण्याची कळशी घेऊन चालले होते. कोणाची भाकर कोणती हे आता कळणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. काकूंच्याही आलं असेल. त्यांनी कडी सोडली नाही.

जवान कुठले कुठले होते. काही दक्षिणेकडचे, त्यांना हिंदीही नीट येत नव्हती. भाकर कशी मोडायची हे त्यांना दाखवावं लागलं. एका उंच जवानाने ठेचा चटणी समजून बोटभर तोंडात घातला. आमच्याकडे ठेचा म्हणजे नुसती मिरची, लसूण आणि मीठ, आणि तिखट कमी घालून पाहुण्याला वाढणं हा त्याचा अपमान समजतात. मग तो तर जवान. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो दाराची दांडी धरून म्हणाला, "माताजी, यह हमें क्यों खिलाती हो? उधर भिजवा दो, लड़ाई आज ही ख़त्म हो जाएगी।"

सगळा डबा हसला. पाटलीणकाकूंनी गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला. "लय झोंबलं काय रे बापू? खाय, गूळ खाय."

"रोटी किसने बनाई?" दुसऱ्या एकाने विचारलं. त्याला मावशींची भाकर आली होती की काकूंची की माझी, कोण जाणे. काकूंनी मागे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे. म्हणाल्या, "हमने बनाया. सब ने."

शिट्टी झाली. फलाटाच्या टोकाला हे हिरवी झेंडी घेऊन उभे होते. गाडी पूर्ण जाईपर्यंत त्यांनी झेंडी खाली घेतली नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. अभिमान हा शब्द मी पुस्तकांत पुष्कळ वाचला होता आणि तो मला नेहमी जरा मोठ्या आवाजातला वाटायचा. त्या दिवशी कोणी घोषणा दिली नाही. बायका पदराने हात पुसत होत्या, टोपलीत तळाला उरलेले भाकरीचे तुकडे मावशी गोळा करत होत्या, आणि मला माझ्या देशाविषयी जे काही वाटायचं होतं ते तेवढ्यात वाटून गेलं.

हे उशिरा जेवायला आले. पाट मांडला होता, ताट रिकामं होतं.

"तुमची भाकर गेली पूर्वेकडे," मी म्हणाले. बऱ्याच दिवसांनी आपण होऊन बोलले होते.

ते पाटावर बसले. "ठेचा पण?"

"ठेचा पण."

"अरे रे," ते म्हणाले, "बिचारे." आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी चूल पुन्हा पेटवली. पीठ मळता मळता विचारणार होते, की आज गाडी थांबणार हे तुम्हाला ठाऊक होतं का. शब्द ओठांवर आले होते. ते शांतपणे बसले होते, उन्हाने चेहरा काळवंडलेला, भूक लागलेली. मी विचारलं नाही. विश्वास नाही म्हणून ते सांगत नाहीत, असं मला आता वाटत नव्हतं. ते तसे होते, आणि मला तसाच माणूस बरा वाटला. पुढेही कधी विचारलं नाही.

विहिरीवर मला हाका येत राहिल्या. दोर मात्र लगेच एक झाला नाही. पण मावशींची बादली बुडाली तर काकू आपली पुढे करत, आणि संक्रांतीला काकूंच्या अंगणात पोळ्या लाटायला मावशी माझ्या शेजारी बसल्या. दोनेक बायका त्या दिवशी आल्या नाहीत. काकूंनी त्यांना बोलवायला परत कोणाला पाठवलं नाही.

नंतर आमच्या बदल्या झाल्या, मुलं झाली, शेवटी वर्ध्याला आलो. आमचा संसार सुखाचा होता. सुट्टीच्या दिवशी ते ग्रंथालयात माझ्याबरोबर यायचे आणि मी पुस्तकं निवडेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहायचे.

ते गेल्यावर पाटलीणकाकू पॅसेंजरने भेटायला आल्या. फार थकल्या आहेत, पण आवाज तोच. मावशींना सोबत आणलं होतं. चहा झाल्यावर काकूंनी हळूच विचारलं, "त्या वक्ताले मास्तरले मालूम होतं काय हो, गाडी थांबते म्हून?"

"मी कधी विचारलं नाही," मी म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "आन् इचारलं असतं त त्याईनं काय सांगतलं असतं?"

काकूंनी रिकामी बशी हातात घेतली. "सांगतलं असतं," त्या म्हणाल्या, "त म्या पुऱ्याच केल्या असत्या, आन् हिले हार ओवाले कडेलेच बसवलं असतं."

मावशींनी त्यांच्या हातातली बशी घेतली आणि विसळून ठेवली.

त्या दोघी अजून येतात. मुलं आपापल्या गावी आहेत. मी दोन खोल्यांत राहते, वाचते, एका माणसाचा स्वयंपाक करते. गाडी थांबणार हे यांना माहीत होतं की नाही, हे मला माहीत नाही.