दुसऱ्या दिवसाचं पाणी
कोऱ्या माठाचा ओला, मातकट वास आला की मला सिंदी मेघेतल्या आमच्या ओसरीवरची मे महिन्यातली एक दुपार आठवते. बाबा निवृत्त पाद्री होते, आणि मी माहेरी आले की मला हौसेने जुन्या कराराची हिब्रू शिकवत. त्या दिवशी वेगळं करण्याचं क्रियापद चाललं होतं: 'हिव्दील' म्हणजे त्याने वेगळं केलं, 'निव्दल' म्हणजे तो वेगळा झाला. सृष्टी घडवताना देवाने आधी उजेड अंधारापासून वेगळा केला, मग पाण्यापासून पाणी. आत माझे दोघे भाऊ घराची वाटणी करत होते. भांडी झाली, पलंग झाले, तेव्हा मोठा बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, आता तुमी आमच्याकडं जेवजा. आई लहान्याकडं राहीन." मागून आलेल्या आईने आपल्या जुन्या माठातला तांब्या बाबांपुढे ठेवला. "उद्यापासून तिकडचं पाणी पेजा," ती म्हणाली. "माठ नवा हाय, चार दिवस मातीचा वास येईन." बाबा सगळं पाणी प्यायले आणि त्यांनी पुस्तक पुन्हा जवळ ओढलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग दर दिवशी देवाला ते चांगलं दिसलं ना?" बाबांचं बोट बराच वेळ ओळींवरून फिरत राहिलं. "पहिल्या दिवशी दिसलं," ते म्हणाले. "पाण्यापासून पाणी तोडलं त्या दुसऱ्या दिवशी तसं लिहिलेलंच नाही." आज आई-बाबा दोघंही कबरस्तानात आहेत. ज्याने त्याने आपल्या वाट्याचं माणूस पुरलं, दोन वेगळ्या रांगांत.