भोंगा गप्प असताना

मुकेशबरोबर कुठं जायचं म्हणजे माझं डोकं फिरतं. घराला कुलूप लावलं की तो ते दोनदा ओढून बघतो, आणि रस्त्याला लागल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. गॅस बंद केला का, हे तो दुसऱ्याच्या घरी जेवून निघतानाही विचारतो. त्याच्या लग्नात त्रिशरण-पंचशील चालू असताना त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काही इपरीत घडलं. तर कानात म्हणतो, "विपल्या, टाकीचा कॉक बंद केलास ना रे?" मी नवरीकडं बघितलं आणि मनात म्हटलं, संघरत्ना, तुझं काही खरं नाही.

आम्ही दोघं शेणव्याच्या पुढच्या एका लहान गावातले, शाळेत एका बाकावर बसलेले. मी गावातच हार्डवेअरचं दुकान टाकलं. तो इंजिनिअर झाला आणि कल्याणच्या एका छोट्या कंपनीत लागला. त्याचे वडील जयरामकाका रेल्वेत होते, कसाऱ्याला. पोरगा नेमकं काय करतो हे त्यांना शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. मला येतं, कारण माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्यानं ते मला नको नको होईस्तोवर ऐकवलंय.

यंत्राची आठवण एका चिपमध्ये असते. त्या आठवणीवर राखण करायला दुसरी चिप असते, तिला कंट्रोलर म्हणतात. कुठला आकडा कुठं ठेवायचा हे ती ठरवते, गोडाऊनच्या राखणदारासारखं. यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याशी थेट बोलत नाही. मध्ये बोलणी करणारा लागतो, तो ड्रायव्हर. तो मुकेश लिहितो. कंपनीच्या मालकांना असा ड्रायव्हर हवा होता, जो कुठल्याही सिस्टिमवर चालेल, दर वेळी नव्यानं लिहावा लागणार नाही. म्हणून मुकेशनं त्याचे दोन भाग पाडले. चिपशी बोलणारा मोठा भाग सगळीकडं एकच. सिस्टिमशी जुळवून घेणारा भाग पातळ, तेवढाच बदलायचा. या पातळपणाचा त्याला फार अभिमान. दुकानात गिऱ्हाईक खिळे मागत उभं असलं तरी याचं पातळ पुराण चालूच.

कंपनीनं चाचणीसाठी एक जोडी आमच्या गावाला दिली. मोठं यंत्र ग्रामपंचायतीत, आणि लहान यंत्र ओहोळाच्या काठी खांबावर. ओहोळावर बुटकी फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. वर डोंगरात पाऊस झाला की गावात ऊन असलं तरी फरशीवरून लोंढा येतो. खांबावरचं यंत्र पाणी मोजायचं, आकडा चिपमध्ये ठेवायचं, पंचायतीत पाठवायचं, आणि पाणी वाढू लागलं की भोंगा वाजवायचं. दोन्हीकडं ड्रायव्हर मुकेशचा. पहिल्या पावसाळ्यात भोंगा चोख वाजला. मग माणसांनी पाण्याकडं बघणं सोडलं. भोंगा गप्प आहे ना, मग चला, असं झालं.

संघरत्ना फरशीपलीकडच्या पाड्यावर अंगणवाडी चालवते. हौसा तिची मदतनीस. दोघी रोज सकाळी पलीकडं जायच्या आणि दुपारनंतर परतायच्या. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, ती ओहोळाच्या काठापर्यंतच.

ऑगस्टमधली गोष्ट. मुकेश मुरबाडकडच्या एका पंचायतीला यंत्र दाखवायला गेला होता. दुपारी त्याचा फोन आला.

"विपल्या, फरशीवर जा."

"का रे?"

"भोंगा वाजायचा नाय."

मी वैतागलो. दुकानात सिमेंटची गाडी आलेली, हमाल खोळंबलेले. "इथं ऊन पडलंय," मी म्हटलं. "तुझं कुलूप मी ओढून बघू का आता?"

"डोंगराकडं बघ," तो म्हणाला.

मी बाहेर येऊन बघितलं. वरची अख्खी बाजू काळी पडली होती.

झालं होतं असं. मुरबाडकडच्या त्या पंचायतीत टेबलावर त्यानं मुद्दाम एक खराब चिप लावून पाहिली होती. हा त्याचा स्वभाव. बरी लावून दाखवली असती तर जेवण करून घरी आला असता. चिप कामात असली की 'थांब' सांगते, आणि ड्रायव्हर थांबतो. किती थांबतो? मुकेशनं लिहिलं होतं, ती तयार होईपर्यंत. मुरबाडची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तसंच. तिथं कुणाला काही वाटत नाही, कारण जीप भरेपर्यंत माणसं भाजी घेतात, चहा पितात, जगाचं काही अडत नाही. मोठ्या यंत्रातही तसंच असतं, ड्रायव्हर थांबला तरी बाकीची कामं चालू राहतात. खांबावरच्या लहान यंत्रात मात्र तो थांबला की सगळंच थांबतं. दिवा जळत राहतो, पण पाणी मोजणं बंद आणि भोंगाही बंद. थांबणं सगळीकडं सारखंच असतं असं धरून त्यानं ते मोठ्या भागात लिहिलं होतं, आणि तो भाग तर कुठंच बदलायचा नव्हता.

ती खराब चिप बिनजबाब राहिली, आणि टेबलावरचं लहान यंत्र मुकं झालं.

"आपल्या खांबावरची चिप त्याच खेपेची हाय," तो सांगत होता. "सकाळपासून तिथनं आकडा आला नाय, पंचायतीनं कळवलं होतं. मला वाटलं रेंजचा घोळ असंल. संघरत्ना पलीकडं हाय, विपुल."

"तू कुठं हायस?"

"जीपमधी. दोन शिटा भरायच्यात."

माझ्या मनातला वैताग तिथंच विरला. हमालांना तसंच सोडून मी गाडीला किक मारली. वाटेत मला सारखं वाटत होतं की हा माणूस जन्मभर उगाच घाबरला, आजही उगाच घाबरलेला असू दे. दुसरं काही मागावंसं वाटलं नाही.

फरशीवर पोचलो तेव्हा दोघी पाण्यात उतरल्या होत्या. पाणी घोट्याएवढंच होतं, पण गढूळ, आणि त्यात पालापाचोळा आणि काटक्या येत होत्या. मी ओरडलो, "मागं जा गो, मागं जा." ओहोळाच्या आवाजात काही पोचेना. संघरत्ना मला बघून हसली आणि हात वर करून खांब दाखवू लागली. खांबावर हिरवा दिवा जळत होता. नवऱ्याचं यंत्र ठीक आहे, असं ती मला सांगत होती.

मी चपला काढून तसाच पाण्यात शिरलो आणि दोन्ही हातांनी मागं ढकलल्यासारखं करू लागलो. येडा दिसत असणार. हौसानं मान वळवून वरच्या अंगाला बघितलं, संघरत्नाच्या पदराला धरलं आणि तिला ओढतच मागं नेलं. मी अलीकडं येऊन मागं वळलो, तोवर फरशी दिसेनाशी झाली होती. एक आख्खं झाड आडवं होऊन गेलं. मी चिखलातच बसलो. भीती अशी मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मुकेश आला तेव्हा काठावर गाव जमलं होतं. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आला. आधी त्यानं पलीकडं बघितलं. संघरत्ना झाडाखाली उभी होती. मग तो खांबाकडं गेला, खोकं उघडलं, बॅटरी काढून परत लावली. यंत्र जागं झालं, त्यानं पाणी मोजलं, आणि भोंगा जो बोंबलायला लागला तो थांबेना. समोर लोंढा धो धो वाहतोय आणि हा आत्ता सांगतोय. माणसं हसली. मुकेश खांबाला टेकून ओक्साबोक्शी रडला. एरवी त्याची टिंगल करायला मी पहिला असतो. त्या दिवशी मी फक्त त्याचा खांदा धरून उभा राहिलो.

दिवस कलता पाणी उतरलं आणि दोघी आल्या. संघरत्ना त्याच्यासमोर उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"गप होता, म्हणून उतरले," ती म्हणाली. "गप म्हंजे पाणी नाय, का गप म्हंजे मेला, हे आमी कसं वळखायचं?"

दुसऱ्या दिवशी मुकेशनं मालकांना सगळं सांगितलं आणि असतील नसतील तेवढी खांबावरची यंत्रं बंद करायला लावली. मालक चिडले. पण हा पठ्ठ्या हटला नाही. थांबणं त्यानं मोठ्या भागातून काढून पातळ भागात नेलं, म्हणजे ज्या त्या सिस्टिमनं आपापल्या परीनं थांबावं. थांबायला मर्यादा घातली. ठरल्या वेळात चिप बोलली नाही तर आकडा ठेवायचा नाद सोडायचा, पण पाणी मोजायचं आणि भोंगा सांभाळायचा. पातळ भाग आता तितका पातळ राहिला नाही, आणि त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

तेवढ्यानं संघरत्नाच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. म्हणून यंत्र सगळं नीट बघून झालं की दर थोड्या वेळानं आता एक बारीक टिक करतं. टिक आली आणि भोंगा गप्प असला तर उतरायचं. नाही आली तर पाणी असो नसो, पाऊल टाकायचं नाही. तो आवाज माझ्या डोक्यात जातो, हे मी त्याला सांगून झालंय.

संघरत्ना रोज सकाळी काठावर येते आणि कल्याणला फोन लावते. तो कामात असो, मालकांसमोर असो, फोन उचलतो. ती फोन खांबाच्या दिशेला धरते. टिक आली की, "ऐकलंस?" म्हणते आणि पाण्यात पाय टाकते. पलीकडच्या काठावरून ती "पोचले" म्हणेस्तोवर तो फोन ठेवत नाही.