स्मोकी डोंगरातलं प्रवचन आणि सासूबाईंची फर्माईश

सासरे गेल्यावर सासूबाई नागपूरहून आमच्याकडे डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनला आल्या. दिवसभर खिडकीशी गप्प बसायच्या. त्यांना बोलतं करायला माझ्या नवऱ्याने, निखिलने, स्मोकी माउंटन्सची ट्रिप ठरवली. दुःखावर डोंगराचा उतारा सॉफ्टवेअरवाल्यांनाच सुचू शकतो.

शनिवारी सकाळी निघालो. केंटकीपर्यंत रस्ता सरळ आणि रटाळ. शाकाहारी असाल तर दशम्या बांधून न्या; आम्हाला हायवेवर मिळालेल्या सॅलडमध्येही बेकन होतं. व्ह्यूपॉइंटला सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. पार्किंगचा पास मात्र काढावा लागला.

पुढे नेटवर्क गेलं, गाणी गेली, उरलं एकच रेडिओ स्टेशन, ख्रिस्ती प्रवचनांचं. जाहिराती नाहीत, सगळं श्रोत्यांच्या देणग्यांवर, आणि स्टेशनवाले हे श्रोत्यांना क्षणभर विसरू देत नाहीत. येशूपेक्षा वर्गणीचाच उल्लेख जास्त. आमच्या गणेश मंडळाने यांच्याकडे शिकवणी लावावी.

"बंद कर यार," निखिल म्हणाला.

"राहू दे," मागून सासूबाई बोलल्या. "काय म्हणताहेत?"

"लोक फोन करून नावं सांगतात, आई. हे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात."

"मग ह्यांचं सांग."

"अगं, आपण हिंदू! आणि मागायचं काय?" निखिल हसला.

"काही नाही. नुसतं नाव घ्यायला सांग. मी जन्मभर घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत. आणि ते गेल्यापासून तुम्हीही घेत नाही, मला त्रास होईल म्हणून."

मी टवाळी सोडून स्टेशनचा नंबर लिहून घेतला.

गावात नेटवर्क आल्यावर पेट्रोल पंपावरून फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "गेलेल्यांसाठी आम्ही करत नाही, मागे राहिलेल्यांसाठी करतो." चालेल म्हटलं. थोड्या वेळाने रेडिओवर तिने सावकाश म्हटलं, मधुकर यांच्या कुटुंबासाठी. सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या. मग परतीच्या वाटेवर ओहायो येईपर्यंत सासऱ्यांना घाटात कशी गाडी लागायची ते सांगत राहिल्या.

डोंगर कसे होते? धुकं होतं, दिसले नाहीत. धर्मही बदललेला नाही, नातेवाइकांनी निश्चिंत असावं. घरी पोचल्यावर मात्र वर्गणी द्यायला स्टेशनला फोन केला. स्पीकरवर तीच बाई होती. देणगी कुणाच्या नावाने, तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई फोनवर वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मधुकर."