खाटेचा चौथा खांदा

मी नर्स आहे. चौदा वर्षं झाली नोकरीला. "अंगात आलं" म्हणून आणलेल्या कितीतरी पोरींना मी सलाईन लावून बरं करून पाठवलंय, आणि त्यांच्या सासवांना चार शब्द सुनावलेत ते वेगळे. तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली... पण झालं ते झालं. कोणाला कारण सापडलं तर खरंच सांगा.

माझं उपकेंद्र गोरेगाव तालुक्यात, जंगलाला लागून आहे. गावाचं नाव देत नाही. बोदलकसा तलावाकडून यायला डांबरी रस्ता आहे, पण तो फिरून येतो. जंगलातून बैलगाडीची वाट आहे, मध्ये एक कोरडा नाला लागतो. त्या वाटेनं गाडी घालू नको, हे मी माझ्या लहान भावाला, नितीनला, शंभरदा सांगितलं होतं. पंधरा दिवसांवर त्याचं लग्न, साहेब पत्रिका वाटत फिरत होते. नवी मोटरसायकल, ऐकतो कशाला!

एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा वाजले असतील. गावातले हिरामणभाऊ मोहफुलं वेचायला गेले होते, ते धापा टाकत उपकेंद्रात आले.

"सिस्टर, नाल्यापल्याड गाडीवाला पडून हाये जी. मांडी फाटली. लय रगत जाऊन राहिलं."

"कोण आहे?"

"का मालूम. लाल गाडी हाये."

नितीनची नवी गाडी लालच होती. अ‍ॅम्बुलन्सला फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, डामर रोड तक आऊंगा. अंदर गाडी नहीं जायेगी." म्हणजे नाल्यापासून रस्त्यापर्यंत दीड-दोन किलोमीटर आम्हीच आणायचं. गाव अख्खं कोणाच्या तरी लग्नाला गेलेलं. माणसं मिळाली तीन – हिरामणभाऊ, त्यांची बायको सुगरताबाई आणि शेजारचा जयराम. हिरामणभाऊंच्या घरची खाट उचलली आणि निघालो.

नितीनच होता. गाडी सागाच्या बुंध्याला धडकलेली, पत्रिका पालापाचोळ्यात विखुरलेल्या. "मूर्खा, कायले आला इकडून?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडले. मग रडणं गिळलं. उजव्या मांडीत वीतभर जखम, आतली मोठी नस तुटलेली. पिशवीतलं सगळं गॉज कोंबलं, वरून दोन्ही हातांनी दाबून धरलं. हात काढला की रक्त उसळायचं. रस्त्यापर्यंत हात निघाला तर माझा भाऊ जगत नाही, हे मला स्पष्ट कळत होतं.

त्याला खाटेवर घातलं. हिरामणभाऊ म्हणाले, "उचला!" खाट खांद्यावर गेली. डोकं पुढं, पाय मागं. पुढं हिरामणभाऊ आणि जयराम, मागं खाटेच्या उजव्या पायाला सुगरताबाई. मी डाव्या बाजूनं, हात वर करून मांडी दाबत चालले होते. डोळे त्या गॉजवरून हलवलेच नाहीत. खाट छान सपाट चालली होती. माझ्या पाठीमागं पाचोळा वाजत होता, कोणाचा तरी जड श्वास ऐकू येत होता. त्यात वावगं काय वाटणार? खाटेला चार पाय, चौघं उचलणारच, इतकंच डोक्यात.

नितीन बडबडायला लागला. "नको... नको ना." थोडं थांबून परत, "नको." रक्त गेलं की माणूस बरळतो. नाल्याच्या उतारावर तर तो रडकुंडीला आला. "नको, नको, ताई, सांग ना त्याला!"

बरळणाऱ्या पेशंटला आम्ही कधी उलट बोलत नाही. जे म्हणेल त्याला हो म्हणायचं, म्हणजे तो शांत होतो. मी पण म्हणाले, "हो रे राजा, हो. हो."

खाटेचा माझ्या मागचा कोपरा खाली गेला.

एकदम नाही. सावकाश, कोणी जपून खाली ठेवावं तसा. नितीन माझ्या अंगावर घसरला, माझा एक हात सुटला आणि रक्ताची चिळकांडी तोंडावर उडाली. मागं न बघताच मी किंचाळले, "उचल! अरे उचल ना! माझा भाऊ आहे तो!"

क्षणभर काहीच नाही. मग कोपरा वर आला. रस्ता येईपर्यंत परत हलला नाही.

नितीनला अ‍ॅम्बुलन्समध्ये घेतलं. चढताना मी हात जोडले, "तुम्ही चौघं होते म्हणून..."

हिरामणभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "चौघं कोन जी? आमी तं तिघंच."

"मागं खाटेच्या डाव्या पायाला कोण होतं?"

"तुमी व्हत्या ना!" सुगरताबाई म्हणाल्या. "मले खाटेखालून उघडे पाय दिसून राह्यले होते..." मग त्यांनी खाली बघितलं. माझ्या पायात बूट होते. त्या पदर तोंडाला लावून तिथंच बसल्या.

ऑपरेशन झालं. नितीन वाचला. पाचव्या दिवशी वॉर्डात मी त्याला संत्रं सोलून देत होते, तर तो हळूच म्हणाला, "ताई, तुझ्या मागं होता तो सारखा विचारत होता. 'ठेवू का? ठेवू का?' मी नको म्हणायचो. तू काऊन हो म्हणालीस?"

मी संत्रं बाजूला ठेवलं. दिसायला कसा होता, विचारलं. तो भिंतीकडे वळला. "लग्न होऊ दे, मग सांगतो." लग्न दोन महिने पुढं ढकललं, पारही पडलं. अजून सांगितलेलं नाही, आणि मी पण परत विचारलं नाही.

लोक म्हणतात तिघांनी तोल सांभाळला असेल. एका कोपऱ्याला कोणी नसताना? उचलून बघा एकदा.

नाल्यापलीकडच्या टोलीवर, त्या छोट्या वस्तीत, महिन्यातून एकदा लसीकरण असतं. ड्युटी आहे, जावंच लागतं. भरदिवसा जाते, तरी नाल्यात उतरताना मागं वळून बघत नाही. मधोमध आले की मोठ्यानं सांगते, "माझा भाऊ बरा आहे. चालतो आता." ज्यानं परत उचललं, त्याला कळायला नको का?

उत्तर कधी आलं नाही. येऊ पण नये, देवा. कारण पाठीमागून कोणी हळूच काही विचारलंच, तर चौदा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून पहिलं "हो"च निघेल.