देवश्रीचा ग्रीक

"आमटी कशी झालीय?" या प्रश्नाला माणसाने फार तर दोन उत्तरं द्यावीत. चांगली झालीय, नाहीतर मीठ कमी आहे. उज्जैनला माधव नगरात राहणाऱ्या प्रतिभाताई मुळ्ये यांच्या मुलीकडे मात्र तिसरंच उत्तर तयार असायचं.

"गूळ आहे म्हणून चिंच लागतेय, आणि चिंच आहे म्हणून गूळ," देवश्री वाटी तोंडाला लावून म्हणायची. "दोघांची ओढाताण चाललीय ना आई, म्हणून ती आमटी. नाहीतर नुसतं वरण."

"मीठ हवंय की नकोय?"

"आत्ता नकोय. पाच मिनिटांनी आमटी वेगळी असेल, तेव्हा विचार."

प्रतिभाताई पळी पातेल्यावर आपटायच्या. रेल्वेतून निवृत्त झालेले, एका गुडघ्याने अधू असे तिचे वडील शरच्चंद्र पानावरून मान वर न करता म्हणायचे, "मला वाढ गं थोडं मीठ. मी जुन्याच आमटीतला माणूस आहे."

हे सगळं त्या ग्रीकामुळे झालं होतं. देवश्रीने बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा प्रतिभाताईंना वाटलं, गीता-उपनिषदं असेल, चांगलंच आहे. एम.ए.ला हा हेराक्लायटस घरात शिरला तो शिरलाच. नाव घेता येत होतं त्यांना, त्याही बी.ए. होत्या, पण त्या मुद्दाम "तुझा ग्रीक" म्हणायच्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ म्हणे सांगून गेला, की जगात थांबलेलं काही नाही, सगळं वाहतंय. नदीत पुन्हा पाय घालाल तर पाणी नवं असेल आणि घालणारे तुम्हीही नवे असाल. दिवस-रात्र, भूक आणि तृप्ती, आजार आणि बरं वाटणं, ही वेगवेगळी नसून एकाच वस्तूची दोन टोकं आहेत. टेकडीचा चढ आणि उतार म्हणजे एकच रस्ता.

"हे सांगायला ग्रीक कशाला लागतो?" प्रतिभाताई म्हणाल्या होत्या. "रामघाटावर जा. पर्वणी आली की पाईपाने नर्मदेचं पाणी आणून शिप्रेत सोडतात. लोक शिप्रा म्हणून नर्मदेत अंघोळ करून घरी जातात. कुणाचं काही बिघडत नाही."

"आई! तू एका वाक्यात सांगितलंस, मला सहा महिने लागले!"

"मग ये बाहेर त्याच्यातून. आणि तो मेला कसा शेवटी?"

देवश्री जरा घुटमळली. "गोष्ट आहे एक, खरी-खोटी माहीत नाही. जलोदर झाला. पोटात पाणी साठलं. वैद्यांवर विश्वास नव्हता, म्हणून पाणी सुकवायला अंगभर शेण थापून उन्हात पडून राहिला."

"मग?"

"मग गेला."

प्रतिभाताईंनी कपाळावर हात मारला. "वाहत्या पाण्याचं ज्ञान सांगणारा पोटातल्या पाण्याने मेला, तोही शेणात! आणि त्याच्या भरवशावर तू आयुष्य काढणार!"

प्रतिभाताईंना बदलाचं वावडं होतं, यात नवल नव्हतं. स्वतःची अकरा वर्षं त्यांनी एका खासगी शाळेत तिसरी-चौथीला शिकवण्यात घालवली होती. दर एप्रिलात मुख्याध्यापिका गोड हसून म्हणायच्या, "मॅडम, अगले साल का देखते हैं." दर जुलैत त्या पुन्हा जायच्या. बाराव्या जुलैत त्यांच्या वर्गात दुसरीच बाई फळ्यावर तारीख लिहीत होती. प्रतिभाताई दारातूनच मागे फिरल्या. घरी कुणाला सांगितलं नाही, दोन तास देवासगेटच्या बाजारात उगाच फिरत राहिल्या. तेव्हापासून त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी बांधून टाकली. मसाल्याचा डबा डावीकडे, पोळ्यांचा उजवीकडे. दूधवाला तोच, वार लावून भाज्या त्याच. आणि मनात एकच गोष्ट घट्ट धरली: आपल्या मुलीला कुणी "अगले साल" म्हणता कामा नये.

मुलगी झाली अतिथी विद्वान. नाव भारी, पण सरकारी कॉलेजातली ही हंगामी नेमणूक. कायमचा प्राध्यापक बदलीवर आला, की अतिथीने पुस्तकं उचलून निघायचं. देवश्री आधी शाजापूरला होती, मग तराण्याला. आता तिसऱ्या वर्षी उज्जैनला घरून जाऊन-येऊन करत होती. प्रत्येक वेळी ती हसत परत यायची. "अगं, सगळं वाहतंय."

"तू वाहतेयस! बाकीचे सगळे पक्के बसलेत आपापल्या खुर्चीत," प्रतिभाताई ओरडायच्या.

शेवटी यंदा कायम जागांची परीक्षा झाली. तत्त्वज्ञानाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. देवश्री लेखी पास झाली आणि वैशाखात इंदूरला मुलाखत ठरली. शेजारच्या कुसुमकाकूंना जिन्यातच गाठून प्रतिभाताईंनी सांगितलं. काकू म्हणाल्या, "पण गंमत आहे हं. काही कायम नसतं असं शिकवायला कायमची माणसं घेतात." प्रतिभाताईंना गंमत वाटली नाही.

चैत्रातल्या बुधवारी त्या देवश्रीला ओढतच चिंतामण गणेशाला घेऊन गेल्या. उज्जैनची माणसं मोठी इच्छा घेऊन तिथे जातात, देवळाच्या मागच्या भिंतीवर शेंदराने उलटं स्वस्तिक काढतात. काम झालं की परत जाऊन सुलटं काढतात. चैत्री बुधवारची जत्रा भरलेली, पाय ठेवायला जागा नाही. भिंत तर लाल स्वस्तिकांनी खच्चून भरली होती. प्रतिभाताईंनी एक कोपरा पकडला, डोळे मिटले, मुलीचं नाव घेतलं, बोट शेंदरात बुडवून स्वस्तिक काढलं. हात जोडले. बाहेर येऊन ई-रिक्षात बसल्या. शिप्रेचा पूल ओलांडला आणि त्या एकदम ओरडल्या, "थांबा! भैया, रोको!"

"काय झालं?"

"मी सुलटं काढलं."

चाळीस वर्षं उंबऱ्यावर, पाटावर, नव्या वहीवर सुलटंच काढत आलेला हात. डोळे मिटलेले. हाताने आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं. "म्हणजे मी देवाला सांगून आले की काम झालं म्हणून! आता तो कशाला करेल?"

देवश्रीला हसू आवरेना. "अगं आई, भिंतीच्या पलीकडून बघितलं तर उलटंच आहे ते. काढणारी तू, भिंत तीच—"

"गप्प बस! तुझा ग्रीक इथे रिक्षात नको."

परत गेल्या. स्वतःचं स्वस्तिक शोधू लागल्या, तर तिथे त्यांच्यानंतर वीस जणांनी बोटं फिरवली होती. कुठलं कुणाचं, ओळखणार कसं? एकावर दुसरं, कुणाच्या पूर्ण झालेल्या इच्छेच्या पोटात कुणाची नवी. प्रतिभाताईंनी दात-ओठ खात नवं काढलं, यावेळी डोळे उघडे ठेवून, एकेक रेघ उलटी. दूर्वा विकणारी बाई मघापासून बघत होती. "माताजी, पहले सीधा, फिर उल्टा? तो काम हुआ कि नहीं हुआ?"

"होगा!" प्रतिभाताई तिच्यावरच खेकसल्या.

इंदूरहून मुलाखत देऊन देवश्री संध्याकाळी परतली. प्रतिभाताई दारातच उभ्या. "कशी झाली?" विचारलं आणि लगेच बोट वर केलं. "एकच उत्तर. दोन नकोत."

"बरी झाली." देवश्रीने मुकाट्याने एकच दिलं. मग चहा घेताना सांगितलं. एका सरांनी तेच विचारलं, जे कुसुमकाकूंना सुचलं होतं: काहीच टिकत नाही म्हणता, मग कायमची नोकरी कशाला हवी? "मी म्हटलं, सर, पाणी बदलत राहतं म्हणून तर नदी टिकते. थांबलं तर ती नदी नाही, डबकं. मला जागा द्या, पाणी मी बदलत राहीन."

"बाप रे," शरच्चंद्र म्हणाले. प्रतिभाताई चहाचे कप घेऊन उठल्या. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

निकाल आला. निवड झाली. प्रतिभाताईंनी पूर्ण जिन्याला पेढे वाटले, चिंतामणला जाऊन आल्या, फोनवर चौदा जणांना सांगितलं. पाचव्या दिवशी आदेश आला. नेमणूक: डिंडोरी. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं.

"डिंडोरी कुठे आलं?" त्यांनी विचारलं.

"राज्याच्या दुसऱ्या टोकाला," शरच्चंद्र म्हणाले. "जबलपूरपर्यंत गाडी, पुढे बस. डिंडोरीत गाडी जात नाही. नर्मदेच्या काठी आहे."

प्रतिभाताईंनी नकाशा बघितला. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी देवाला साकडं घातलं ती पदरात पडली, आणि त्याच कागदाने मुलगी घरातून उचलून नेली. मिळालं ते आणि गेलं ते वेगळं काढताच येईना. चीड आली, कोणावर, ते कळेना. आदेश लिहिणाऱ्यावर? गणपतीवर? सोयीचं होतं म्हणून त्या ग्रीकावर काढली.

दिवस जात होते. देवश्री कॉलेजात जायची, मुलांना भेटायची, खोलीत दार लावून बसायची. "तयारी चाललीय ना?" विचारलं की "हो" म्हणायची. फक्त हो. बाराव्या दिवशी दुपारी टेबल पुसताना प्रतिभाताईंच्या हाती तिची फाईल लागली. रुजू व्हायचा अर्ज कोरा. फोटो चिकटवलेला नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणलेलंच नाही.

देवश्री घरी आली तेव्हा फाईल जेवणाच्या टेबलावर होती.

"हे काय आहे?"

"करणार होते."

"कधी? मुदत संपल्यावर?"

"आई, मी विचार करत होते, इथेच अतिथी म्हणून... यंदा तरी कुणी बदलीवर येईलसं वाटत नाही."

"अगले साल देखते हैं?" प्रतिभाताईंचा आवाज चिरकला. "मला सांगतेस? मला?"

"मला भीती वाटतेय!" देवश्री ओरडली, आणि तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी खाली बसली. "मी तिथे कुणाला ओळखत नाही. बाबांचा गुडघा. तू दिवसभर भांडणार कुणाशी? मी गेले की तुम्ही दोघं मुकाट्याने जेवाल. हे घर असंच राहायला हवं मला. तिथे गेले की हे असं राहणार नाही."

प्रतिभाताई बघतच राहिल्या. इतकी वर्षं ही मुलगी सांगत होती की सगळं वाहतं, थांबू नका, घाबरू नका; आणि हिच्या पोटात हे! पोळ्यांचा डबा उजवीकडेच राहावा, असं हिलाही वाटत होतं. आणि जिने डबे बांधून ठेवले, ती आपण आता हिला दाराबाहेर ढकलणार.

"कुठे गेला तुझा ग्रीक?"

"ते पुस्तकात ठीक असतं."

"अस्सं! मुलांना शिकवलंस ते पुस्तकातलं आणि घरातलं वेगळं?" प्रतिभाताई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "ऐक. मी अकरा वर्षं एका ठिकाणी थांबले, कारण मला वाटायचं थांबलं की जागा आपली होते. नाही झाली. बाबा आणि मी मुकाट्याने जेवू, नाहीतर भांडू. आम्हाला तुझ्याशिवायही भांडता येतं, तू जन्मायच्या आधी रोज भांडत होतो. विचार त्यांना."

"रोज," शरच्चंद्र आतल्या खोलीतून म्हणाले. "दिवसातून दोनदा."

"आणि नर्मदेचं पाणी डिंडोरीवरूनच येतं ना खाली? मग? घाटावर जाईन मी, भेटलीस असं समजेन."

देवश्री रडता रडता हसली. "आई, ते फार लांबून पाईपाने आणतात. ते तिथलंच असेल असं काही..."

"तर्क नको लढवूस! फोटो कुठेत तुझे? पासपोर्ट साईज?"

"नाहीयेत."

"इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकलीस, चार फोटो काढून ठेवता आले नाहीत." प्रतिभाताई चपला घालतच होत्या. "ऊठ. आधी फोटो, मग डॉक्टर. आणि हो, मी येतेय डिंडोरीला. तुला एकटीला खोली बघता येणार नाही, घरमालकाला 'हो आणि नाही' सांगून येशील."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी डिंडोरीच्या कॉलेजच्या ऑफिसात दोघी बसल्या. बसच्या धक्क्यांनी दोघींची अंगं ठेचून निघाली होती. बाबूने तीन ठिकाणी खुणा केल्या: इथे, इथे आणि इथे सही. देवश्रीने पेन उघडलं आणि थांबली. प्रतिभाताईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. एक मुलगा सायकल ढकलत चढ चढत होता, त्याच रस्त्याने एक म्हातारा उतरत होता. आपण कधीही सही केली नाही अशा कागदावर आपली मुलगी आता सही करणार, आणि ती झाली की आपल्याला उद्याची बस पकडायची आहे, हे दोन्ही एकदमच त्यांच्या ध्यानात आलं.

पेनचा आवाज आला. तीनदा.

"झालं?"

"झालं, आई."

"मग डोळे पूस आणि चल. घरमालक दुपारी गावाला जाणारेय म्हणे, आणि तू इथे बसून राहिलीस."