अस्तरातली टाचणी

काल शिवून झालेला फ्रॉक वहिनी आज पुन्हा उसवत होती. आधी अस्तर, मग दुमड, मग कॉलर. टाचणी कुठेच नव्हती. सगळ्या टाचण्या डबीत आहेत हे तिलाही ठाऊक होतं. हात मात्र ऐकत नव्हते.

गल्लीतले सगळे तिला वहिनीच म्हणत. तिच्या शिवणाच्या दुकानात दुसऱ्या मशीनवर तिची नणंद बसे आणि दिवसभर तिला त्याच नावानं हाका मारी. नणंद अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. घरच्यांनी लाडानं तिचं नाव ठेवलं होतं चिमणी.

"वहिनी, फ्रॉकवाली पोरगी कॉलेजात जाईल तोवर." चिमणी म्हणाली. " मग मापं नव्यानं घ्यावी लागतील."

"शेवटचं बघते."

"शेवटचं कालही झालं होतं."

सुरुवात साधी होती. एका बाळाच्या झबल्यात टाचणी राहून गेली. घडी उघडतानाच ती बाळाच्या आईला दिसली. "ही घ्या तुमची टाचणी," म्हणत ती हसत परत देऊन गेली. वहिनीही हसली. पण अंथरुणावर पडल्यावर तिला त्या बाळाचा डोळा दिसत राहिला. काही झालं नव्हतं. झालं असतं.

मग तिनं लोहचुंबक आणलं. शिवलेल्या कपड्यावरून ती ते फिरवी. मग पुन्हा फिरवी. मग चुंबकावरचाही विश्वास उडाला आणि उसवणं सुरू झालं. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. वहिनीची अन्नावरची वासना गेली. नवरा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवी. फोनवर म्हणे, "ताण आलाय तुला, झोप काढ." झोपच तर येत नव्हती.

शेवटी चिमणीनंच चौकशी केली. "मनाच्या डॉक्टर आहेत एक. उद्याची वेळ घेतलीय."

"मी काय वेडी आहे?"

"वेडी असतीस तर दुकान कधीच माझ्या नावावर करून घेतलं असतं. चल."

वहिनी हसली नाही. हातातला कपडा घडी करत हळूच म्हणाली, "त्या माझी काळजी काढून टाकतील, चिमणे. मग एखाद्या पोराला टोचलं तर?"

इतके दिवस चिमणीला वाटत होतं, वहिनी लाजेपोटी टाळतेय. भलतंच निघालं. वहिनीला बरं होण्याचीच भीती वाटत होती.

दवाखान्यात चिमणी खुर्चीवर टेकणार, तेवढ्यात वहिनीनं पर्समधून चुंबक काढलं आणि गादीवरून फिरवलं. टेबलामागची मुलगी बघतच राहिली.

"बसू आता," चिमणी म्हणाली, "की खुर्चीही उसवायचीय?"

डॉक्टरांनी दोघींनाही आत घेतलं. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टाचणी नाही, हे तुम्हाला कळतं?"

"कळतं."

"आणि तरीही?"

"कळून उपयोग होत नाही हो." एवढं बोलली आणि वहिनीला रडू फुटलं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला रडू दिलं. "हा आजार आहे. पुष्कळांना होतो," त्या म्हणाल्या. "औषध देते. गुण यायला काही आठवडे लागतील. बरोबर सरावही करू."

"माझी काळजी जाईल?"

"टाचण्या डबीत ठेवता, कपडा झाला की एकदा बघता, ती तुमची काळजी. ती राहू द्या. त्याच्यापुढे जे सुरू होतं त्याच्यावर इलाज करायचा. एकदा बघून कपडा देऊन टाकायचा. शंका येईल. येऊ दे. पहिला कपडा कुणाला द्याल?"

वहिनीनं चिमणीकडे बघितलं.

"मला," चिमणी म्हणाली. "कधीची गाऊन मागतेय. टोचलं तर मलाच टोचेल. आणि टोचलं ना, तर अख्खी गल्ली गोळा करेन."

वहिनी नाक पुसता पुसता किंचित हसली.

वेळ लागला. गोळ्यांनी आधी पोट ढवळायचं. वहिनी त्या सोडून द्यायला निघाली होती. चिमणीनं दवाखान्यात फोन लावून दिला, डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. उसवणं हळूहळू कमी झालं. मग एक दिवस गाऊन शिवून झाला.

वहिनीनं तो एकदा बघितला. घडी केली. हात खणाकडे गेला. खणात चुंबक नव्हतं. सकाळी तिनं स्वतःच ते चिमणीच्या पर्समध्ये टाकलं होतं.

चिमणी गाऊन घेऊन पडद्याआड गेली. आतून आवाज येईना. दोन्ही हात मांडीखाली दाबून वहिनी बसून राहिली.

"वहिनी!"

ती ताडकन उठली.

"काखेत घट्ट झालाय गं."

वहिनी तशीच उभी राहिली. मग तिनं केवढा तरी श्वास सोडला.

"गाऊन नाही घट्ट झाला. तू सुटलीयस. ये बाहेर, बघते."

आणि तिनं टाचण्यांची डबी उघडली.